शेपूट फाटलेल्या पोपटाची पेटी

"'सदर मतिमंद मुलीने मंडळाने दान दिलेली बाजाची पेटी मोडली आहे. तरी उद्यापासून तिला उन्हाळी शिबिरात पाठवू नये!'"

मित्रा मंडळाच्या चिटणिसांचं पत्र मोठ्याने वाचत होती. वाचून होताच तिने रागाने त्याची घडी केली. "सदर मुलीने म्हणे! नाव लिहायला शाई संपली होती काय?"

तिची सदर धाकटी बहीण, म्हणजे विशाखा, पायरीवर बसून चिंचोके मोजत होती. विशाखा अकरा वर्षांची. तिला बोलायला वेळ लागायचा, शिकायला त्याहून जास्त. पण एकदा शिकलेलं ती सोडत नसे. मुख्याध्यापिका मंगलाबाईंनी या उन्हाळ्यात शब्द दिला होता, "पंधरा दिवस इतर मुलांबरोबर शिबिरात राहू दे तिला. नीट राहिली तर जूनमध्ये तिसरीत घेते." तीन वर्षांत तीन शाळांनी नकार दिल्यावर हा पहिला होकार होता. आता या पत्राची दुसरी प्रत मंगलाबाईंकडे गेली होती.

"संपलं सगळं!" मंगळू म्हणाला. शिबिर भरायचं त्या सभागृहात त्याचे वडील शिपाई होते, त्यामुळे आतल्या सगळ्या बातम्या त्याच्याकडे असत.

"संपलं कसं? ती पेटी हिनं खरंच मोडली का, ते कुणी इचारलं का हिला?" झुंबर म्हणाला. झुंबर सायखेड्याचा. सुट्टीला मामाकडे नाशिकला आला होता.

तिघेही विशाखाकडे वळले. खरंच, कुणीच विचारलं नव्हतं! चिटणिसांनी नाही, बाबांनी नाही, आणि मित्रानेही नाही.

"विशाखा, पेटीचं काय झालं गं?" मित्राने विचारलं.

विशाखाने आधी हातातले चिंचोके मोजून संपवले. मग म्हणाली, "मोडली नाही. नेली."

"कुणी?"

"टेम्पो. निळा." ती थांबली. पोरंही थांबली. "पेटी रडते. मी बोट लावलं. गप झाली. मग फोटो. मग टेम्पो."

"म्हणजे फोटो काढला आणि पेटी परत नेली?" मंगळूने डोळे विस्फारले. "तरीच! ही रोज चिटणीस निवृत्तीरावांना विचारायची, 'पेटी कुठे?' कालच ते बाबांना म्हणत होते, 'ह्या पोरीने डोकं खाल्लं!'"

"म्हणून मोडल्याचा आळ! चोराच्या उलट्या बोंबा!" मित्रा उठली. "चला, फोटो काढणाऱ्याला गाठू!"

आता हे मंडळ कुठलं ते सांगायला हवं. 'दीनसेवा मंडळ' असं त्याचं नाव. अध्यक्ष गोटीरामशेठ. दीनांपेक्षा हार आणि सेवेपेक्षा फोटो, असा मंडळाचा एकूण हिशेब. १९८१ साल अपंगांचं वर्ष म्हणून जाहीर झालं आणि गोटीरामशेठांना जणू घबाडच सापडलं. वर्षभर सत्कार! कुबड्या वाटताना फोटो, पाव वाटताना फोटो, नुसतं कुणाच्या डोक्यावर हात ठेवून हसतानाही फोटो. ज्याच्या डोक्यावर हात ठेवला त्याचं नाव शेठना कधीच ठाऊक नसे.

मेन रोडवर सहादूमामांचा स्टुडिओ होता. काचेच्या कपाटात फोटोच फोटो! झुंबरने काचेला नाक लावलं आणि ओरडला, "अगं, ही तर आमच्या शाळेची पेटी!"

"वेड्या, ही आमच्या शिबिरातली. ती बघ विशाखा!" मित्रा म्हणाली.

"तो नाय, त्याच्या शेजारचा बघ! आमचे मास्तर हायेत ना त्याच्यात? महिन्याखाली शेठनी सायखेड्याला आमच्या शाळेतल्या अपंग पोरांसाठी पेटी दिली. सांजच्याला 'पॉलिश करून आणतो' म्हणून टेम्पोत घातली, ती अजून पॉलिशच व्हतीय!"

मंगळूने तिसऱ्या फोटोखालच्या नावावर बोट ठेवलं. "आणि ही वणीची!"

तिन्ही फोटोंत गोटीरामशेठ तसेच हसत होते. तिन्ही फोटोंत तीच पेटी होती, आणि तिच्या अंगाला दुकानदाराने चिकटवलेलं पोपटाचं चित्र होतं. तिन्ही पोपटांची शेपूट फाटलेली!

"शेपूट नाही," विशाखा समाधानाने म्हणाली.

सहादूमामा बाहेर आले. "काय बघताय रे? शेठ फार दिलदार हो! दर पंधरवड्याला एक पेटी दान! रविवारीही आहे, सभागृहात. मुंबईच्या मोठ्या बाई येणार आहेत."

"मामा, तुम्ही फोटो काढता, पण बघता का?" मित्राने विचारलं.

सहादूमामांनी वाकून आपलेच फोटो पाहिले. मग चष्मा पुसून पुन्हा पाहिले. "आईशप्पथ!" ते म्हणाले आणि तिन्ही फोटो कपाटातून काढून त्यांनी झुंबरच्या हातात दिले.

पेटी तीन ठिकाणी दिली आणि तिचा पोपटही खरवडून काढला नाही! का? कारण घेणारी मुलं 'तसली'. त्यांना काय कळणार, आणि कळलं तरी त्यांचं ऐकणार कोण? चोरीसुद्धा नीट करण्याची तसदी घ्यायला ही माणसं तयार नव्हती.

बेत ठरला. भर सभेत मित्राने उठून बोलायचं, झुंबरने फोटो दाखवायचे, मंगळूने दार सांभाळायचं.

"आणि मी?" विशाखाने विचारलं.

"तू फक्त बसायचं. काही बोलायचं नाही हं! नाहीतर सगळा गोंधळ होईल."

विशाखाने तिच्याकडे पाहिलं आणि चिंचोके खिशात टाकले.

रविवारी सकाळी सभागृहाबाहेर कमान होती, 'अपंग बांधवांचे स्वागत असो!' आणि ते अपंग बांधव? ते मागच्या अंगणात, उन्हात, हातात कागदी झेंडे देऊन ओळीने बसवलेले! "फोटोच्या वेळी बोलावू. तोपर्यंत आत आवाज नको," असं चिटणीस निवृत्तीराव दारात उभे राहून सांगत होते. आत पंखे होते. पंख्याखाली गावातली प्रतिष्ठित मंडळी होती आणि ती सरबत पीत अपंगांविषयी कळवळा व्यक्त करत होती. अशा कळवळ्याला काय म्हणावं!

मंगळूने तिघांना चहा करायच्या खोलीच्या दाराने आत घेतलं. पहिल्या रांगेत मंगलाबाई बसल्या होत्या. व्यासपीठावर मुंबईच्या पाहुण्या मालनबाई, शेजारी गोटीरामशेठ, आणि टेबलावर पेटी. पोपट तिथेच होता.

"आज या निष्पाप जिवांसाठी," गोटीरामशेठ गहिवरले, "आम्ही नवी कोरी पेटी आणली आहे. कालच दुकानातून आली! पाहुण्या मालनबाईंनी पहिला सूर लावून उद्घाटन करावं!"

टाळ्या. मालनबाईंनी भाता मारला आणि एक पट्टी दाबली.

पेटी वाजली. मालनबाईंनी बोट उचललं तरी वाजतच राहिली! त्यांनी दुसरी पट्टी दाबली, तर पहिलीही सोबत रडू लागली. शेठनी पेटीवर थापट मारली. निवृत्तीराव धावत आले आणि दिसेल ती पट्टी दाबत सुटले. भाता हलला की पेटी जास्तच भोकाड पसरायची. मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं.

मित्रा बोलायला उठली. पण तिच्याआधी विशाखा उठली होती.

"विशाखा! बस खाली!" मित्रा कुजबुजली.

विशाखा सरळ चालत व्यासपीठावर गेली. निवृत्तीरावांनी तिचा दंड धरला. "ए, ही कशी आत आली? ही तीच, पेटी मोडणारी! बाहेर काढा हिला!"

"सोडा तिला," मालनबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण निवृत्तीरावांनी सोडलं.

विशाखाने पांढऱ्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं, डावीकडून पाचवी शोधली, अंगठ्याचं नख खाली घातलं आणि पट्टी किंचित डावीकडे कलवून वर उचलली. टक्! मग तिने भाता मारला आणि शेजारचा एकच सूर लावला. तो स्वच्छ वाजला, आणि बोट उचलताच थांबला.

"गप झाली," ती म्हणाली.

"हिला हे कसं ठाऊक?" मालनबाईंनी मित्राकडे बघून विचारलं.

मित्राच्या तोंडात अख्खं भाषण तयार होतं. दोन दिवस पाठ केलेलं! तिने ते गिळलं.

"तिलाच विचारा, बाई."

मालनबाई विशाखाकडे वळल्या. "तुला कसं ठाऊक?"

विशाखा शब्द जुळवू लागली. निवृत्तीराव घाईने म्हणाले, "अहो, असली मुलं काहीही बडबडतात!"

"मी तिला विचारलंय," मालनबाई म्हणाल्या.

"माझी पेटी," विशाखा म्हणाली. "मला दिली. फोटो काढला. मग टेम्पोने नेली. निळा." तिने पेटी वळवून लोकांपुढे धरली. "पोपट. शेपूट नाही."

"आणि सायखेड्याला बी हाच पोपट व्हता!" झुंबर फोटो नाचवत ओरडला. "आणि वणीला बी!"

"खरंय," मागून सहादूमामा कॅमेरा धरून म्हणाले. त्यांचा आवाज चोरटा होता. "फोटो मीच काढलेत. आजचा चौथा."

गोटीरामशेठांचा चेहरा अगदी त्या भात्यासारखा हवा जाऊन बसला. "त्याचं काय आहे... जरा तांत्रिक अडचण... वस्तू फिरती ठेवायचं धोरण..." बडा घर, पोकळ वासा! प्रतिष्ठित मंडळींना अचानक घड्याळं आठवली. सरबताचे पेले अर्धे टाकून ती उठू लागली. पाच मिनिटांपूर्वी टाळ्या वाजवणारे हेच हात!

"बसा!" मालनबाई म्हणाल्या. "आणि अंगणातल्या मुलांना आत घ्या. पंख्याखाली."

मंगळूने दार इतकं जोरात उघडलं की पुढची कमानसुद्धा हलली.

मंगलाबाई पुढे आल्या. त्यांची मान खाली होती. "मी पत्र वाचलं आणि खरं मानलं. चौकशी करायला हवी होती." त्यांनी मित्राच्या पाठीवर हात ठेवला. "शाब्बास पोरांनो! या बिचारीसाठी केवढं केलंत तुम्ही!"

"बाई, ती बिचारी नाही," मित्रा म्हणाली. "आणि आम्ही काही केलं नाही. मी तर तिला गप्प बसायला सांगितलं होतं." हे सांगताना तिचे कान लाल झाले.

मालनबाईंनी आपल्या गळ्यातला हार काढला. "नाव काय हिचं?" बोलता बोलता त्या स्वतःच थांबल्या, वाकल्या आणि विशाखाच्या डोळ्यांत बघत म्हणाल्या, "तुझं नाव काय?"

नाव मोठं होतं, आणि विशाखाला ते नेहमीच जड जायचं. मित्राने ओठ घट्ट मिटून घेतले.

"वि... शा..." सगळे थांबले. शेठही थांबले, त्यांना दुसरं करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. "...खा. विशाखा."

"विशाखा," मंगलाबाई म्हणाल्या, "जूनमध्ये माझ्या शाळेत येशील? तिसरीत?"

विशाखाने विचार केला. "पेटी?"

"पेटीही शाळेत येईल. आता ती कुठेच परत जाणार नाही."

"मग येते."

टाळ्यांचा कडकडाट झाला. अंगणातून आलेली मुलं सगळ्यांत जोरात वाजवत होती. एवढ्यात गोटीरामशेठांनी टोपी सारखी केली आणि हसत विशाखाच्या डोक्यावर हात ठेवायला पुढे झाले. "वा वा! सहादू, होऊन जाऊ दे एक फोटो!"

विशाखा एक पाऊल मागे सरकली.

"नको," ती म्हणाली.

सहादूमामांनी कॅमेऱ्याचं झाकण लावून टाकलं. विशाखाने पेटीची एक कडी धरली, दुसरी झुंबरला दिली, आणि दोघं पेटी घेऊन समोरच्या दाराने बाहेर पडली.