पातेल्यातली बुचं

कोल्हापुरात वाईन कोण पितं, हा प्रश्न मला सायन्सला जाऊनही सुटला नव्हता. तरी आमच्या घरी वाईनच्या बाटल्यांची बुचं पोत्यानं यायची. आणि घरात दारूचा थेंब नाही. आई, म्हणजे मीनाबाई, रोज सकाळी पंचशील म्हणणार आणि दारू न पिण्याचं 'सुरामेरय' आलं की आवाज चढवणार, शेजारच्या हंबीररावांना ऐकू जावं म्हणून.

बुचं पाठवायचा माझा थोरला भाऊ, सूरज. २००१ साली तो गोव्यात एका हॉटेलात दारू वाढायच्या कामाला लागला, तेव्हा आई म्हणालेली, "दारू वाढणाऱ्या हाताला ह्या घरात ताट न्हाय." तो गेला. चिठ्ठी नाही, फोन नाही. मग एक दिवस गोव्याहून आलेल्या एसटीच्या कंडक्टरनं स्टँडवर माझ्यापुढं पोतं टाकलं.

"भावानं दिलंय. आईला म्हणावं, तोरणं कर."

आई लोकरीची, मण्यांची तोरणं करून विकायची. तिनं पोत्याकडं आठवडाभर पाहिलं नाही. मग अंगणात चूल पेटवली आणि सोडा घालून बुचं उकळली, पार वास जाईपर्यंत. वाळवली, तापल्या दाभणानं भोकं पाडली, लाल टोकं खाली ठेवून ओवली. आमच्या कळंबा भागात निम्म्या दारांना आमची तोरणं लागली. कुणी विचारलं तर मी 'परदेशी लाकूड' म्हणून सांगायचो.

उकळलेली बुचं पातेल्यात गार होताना एका कडेला गोळा व्हायची. दक्षिणेच्या, गारगोटी गावाच्या अंगाला. वारा असेल म्हणून पातेलं घरात आणलं. तरी तिकडंच. मी पातेलं फिरवलं. बुचं सावकाश वळली आणि पुन्हा त्याच कडेला जाऊन उभी राहिली, वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारखी.

"पातेल्याला पोचा आलाय," मी म्हणालो.

"गोवा तिकडंच हाय," आई म्हणाली आणि कांदा चिरू लागली.

त्यानंतर ती पातेलं समोर घेऊन जेवायची.

दिवाळीनंतर पोती थांबली. "पोरगं दिसलं न्हाय पावणं," कंडक्टर म्हणाला. आईनं शेवटची बुचं ओवलीच नाहीत. पातेल्यात ठेवली. रोज पाणी तेवढं बदलायची, घागरीचं बदलावं तसं.

एका रविवारी दुपारी मी भिंतीकडेला जेवायला बसलो होतो. ती जागा सूरजची. लहानपणापासून तिच्यावरून मारामाऱ्या. तो गेल्यावर मी ती बिनविरोध जिंकलेली.

बुचं पातेल्याच्या मधोमध आली होती.

"आई, ह्यांची दिशा सुटली बघ."

आई आली. बुचं सरकत होती. आधी पातेल्याच्या रस्त्याकडच्या कडेला लागली. मग फाटकाकडच्या. मग दाराकडच्या.

दार उघडंच होतं. दारात कुणी नव्हतं.

वारं पडलेलं. तरी आमच्या दारावरचं तोरण मधोमध दुभंगलं, आत झुकलं आणि परत जागेवर आलं. सूरज उंच. वाकायची त्याला सवय नव्हती.

बुचं माझ्या बाजूला आली.

मला एक विनोद सुचला होता. तो मी केला नाही.

"जित्या, ऊठ," आई हळू म्हणाली. "त्याच्या जागेवर बसलायस."

मी सरकलो.

आईनं नवं ताट घेतलं. भाकरी, रस्सा, कांदा. भिंतीकडेला ठेवलं.

"जेव बाळा. मी बोललेलं मनात धरू नगंस."

पातेल्यातलं एक बूच बुडालं. मग दुसरं. बुचं बुडत नाहीत, एवढं सायन्स मला येतं. आवाज न करता सगळी तळाला गेली.

"लाजतोस काय? घे की," आई भिंतीला म्हणाली आणि पदरात तोंड खुपसलं.

तिचे दोन्ही हात पदरात होते. माझे मांडीवर.

भाकरी मोडल्याचा आवाज आला.