खांद्यावरचा हात

त्या सोमवारी मी प्रिंटरची शाई घेऊन ऑफिसात पोचले तेव्हा दहाही वाजले नव्हते आणि मी आधीच दमले होते. त्या दिवसांत मी दमूनच उठायचे. तुम्ही विचारलंत, असं चांगलं काम का सोडलं, म्हणून सांगते. मध्येच थांबले तर थांबू द्या. पुढचं आपोआप येईल.

आमची संस्था हरवलेल्या माणसांची. चार टेबलं, एक कुरकुरणारा पंखा आणि भिंतभर फोटो. लहानपणी हरवलेलं मूल आज कसं दिसत असेल, याचं चित्र आम्ही घरच्यांना करून द्यायचो. पूर्वी हे काम चित्रकारकाका पेन्सिलने करत. एका चेहऱ्याला आठवडा जायचा. त्यांची नजर अधू झाली, ते घरी बसले, आणि त्यांच्या जागी मी एक ॲप बांधलं. त्यात माझी करामत फारशी नव्हती. चित्रं बनवणाऱ्या एका कंपनीचं एपीआय घेतलं होतं, म्हणजे आमच्या ॲपने त्यांच्या यंत्राला हाक मारायची सोय. जुना फोटो पाठवायचा, सोबत सूचना लिहायची : चेहरा हाच ठेव, वय इतकं कर, खांद्यापर्यंत दाखव, मागे कोरा राखाडी पडदा. दहा-बारा सेकंदांत चित्र हजर.

त्या दिवशी मावशी येणार होत्या. नात्याच्या नव्हेत. सगळं ऑफिसच त्यांना मावशी म्हणायचं. वीस वर्षांपूर्वी त्यांचा सहा वर्षांचा मुलगा बाजारात हरवला. एकुलता एक. दर वर्षी त्याच्या वाढदिवसाच्या आठवड्यात त्या येत आणि एका वर्षाने मोठा झालेला मुलगा पिशवीत घालून घरी नेत. रडत नसत. वीस वर्षांत रडूही थकून जातं.

त्या आल्या, खुर्चीच्या काठावर टेकल्या, चष्मा पुसायला घेतला.

"मागच्या खेपेला काकांनी त्याला टक्कल पाडलं होतं बघ," त्या म्हणाल्या. "यंदा केस जरा बरे काढ. आमच्या घराण्यात टक्कल नाही कुणाला."

मी हसले. फोटो चढवला, वय सव्वीस लिहिलं, बटण दाबलं.

चित्र सुरेख आलं. कपाळावर दाट केस, ओठांत दाबलेलं हसू. आणि उजव्या खांद्यावर एक हात. चित्राच्या कडेबाहेरून आलेला, थोराड, पुरुषाचा. त्याची तर्जनी पहिल्या पेरापाशीच संपत होती.

"थांबा हं मावशी," मी म्हटलं. "यंत्र कधीकधी भलतंच काढतं. बोटं तर त्याला धड जमतच नाहीत."

तेच चित्र परत पाठवून सूचना लिहिली : खांद्यावरचा हात काढून टाक. बारा सेकंद. उजवा खांदा स्वच्छ झाला होता. हात डाव्या खांद्यावर होता.

मला अजून भीती वाटली नव्हती. वैताग आला होता. मी हाताभोवती नीट रेघ आखली आणि तेवढाच भाग पुसून नवा भरायला सांगितलं. या खेपेस चित्र यायला वेळ लागला. पंख्याची कुरकुर एकदम मोठी वाटायला लागली. चित्र आलं. हात होता तिथेच होता, पण आता बोटांनी शर्ट घट्ट पकडला होता. कापडाला चुण्या पडल्या होत्या.

मावशी कधी उठून माझ्या मागे उभ्या राहिल्या, मला कळलंच नाही.

"पोरी... तो हात राहू दे."

मी वळले नाही. त्यांचा श्वास माझ्या कानाशी होता.

"ह्यांचा आहे तो," त्या म्हणाल्या. "कागद कापायच्या मशीनमध्ये बोट गेलं होतं. लग्नाच्या आधीच. बाजारात तो ह्यांच्याबरोबर होता. ह्यांच्याच हातातून सुटला. मरेपर्यंत माणूस एकच बोलायचा, मी नीट धरला नव्हता. जेवताना बोलायचे, झोपेत बोलायचे." त्यांनी पडद्यावरच्या चुण्यांवर बोट ठेवलं. "आता बघ कसा धरलाय."

"त्यांना जाऊन... किती वर्षं झाली, मावशी?"

"अकरा."

मी चित्र छापून दिलं. दारापाशी त्या थांबल्या. "सत्तावीसचंही काढून ठेव गं."

"पुढच्या वर्षी या की."

"तुमचा जिना दर वर्षी दोन पायऱ्यांनी वाढतो. माझ्याने होईल न होईल."

त्या गेल्यावर मी आधी नोंदी तपासल्या. यंत्राकडे काय काय गेलं, ते सगळं आमच्याकडे लिहिलेलं असतं. एकच फोटो गेला होता, शाळेच्या गणवेशातला, पुढचे दात पडलेला मुलगा, एकटा. वडिलांचा फोटो आमच्या फाइलीत नव्हताच. त्या बोटाबद्दल मावशींनी वीस वर्षांत आमच्यापैकी कुणापाशी अवाक्षर काढलेलं नव्हतं.

मग मी एकेक वर्ष काढत बसले. सात, आठ, नऊ. मुलगा वाढत होता, खांदे रिकामे. दहा, अकरा, बारा. गालांवरचं बाळसं गेलं. तेरा, चौदा. मिसरूड फुटलं. खांदे रिकामेच.

पंधरा.

खांद्यावर बोटांची टोकं होती. अगदी हलकी, अजून खात्री न पटल्यासारखी टेकलेली. सोळाव्या वर्षी पुरा तळवा होता. पुढच्या प्रत्येक चित्रात तो होता.

सव्वीसातून अकरा गेले की पंधरा राहतात. हे कळायला शहाणपण लागत नाही. वडील ज्या वर्षी वारले, त्याच वर्षी हात मुलापर्यंत पोचला होता. म्हणजे मुलगा तिथे आधीपासूनच होता... मी खिडकी उघडली. बाहेर लख्ख ऊन होतं, खाली कुणीतरी स्कूटर धूत होतं, आणि माझ्या अंगावर काटा होता.

दुसऱ्या दिवशी मी चित्रकारकाकांकडे गेले. त्यांना सगळं सांगितलं. ते उजेडाकडे तोंड करून बसले होते. मध्ये एकदाही 'काय म्हणतेस' म्हणाले नाहीत.

"माझी जुनी चित्रं काढ," शेवटी ते म्हणाले. "पंधराव्या वर्षापासूनची. कुठपर्यंत आहेत बघ."

मला आठवलं. ती सगळी हनुवटीखाली तुटक संपत. आम्हाला वाटायचं, काका कंटाळले.

"खाली काढायला गेलो की पेन्सिल आपोआप एका बाजूला वळायची," ते म्हणाले. "एकदा वळू दिली. अर्धा पंजा उमटला. कागद फाडून टाकला, आणि तेव्हापासून कागदच लहान घ्यायला लागलो."

"मला का नाही सांगितलंत, काका?"

"यंत्र आहे म्हणालीस. मला वाटलं, यंत्राला तरी नाही दिसायचं."

पुढचा आठवडा मी ते काम टाळलं. दुसऱ्यांची चित्रं केली. हरवलेल्या मुली, हरवलेले भाऊ, विसराळू म्हातारे. दर चित्राला आधी खांदे बघायचे, मग चेहरा. घरी येऊन ताटावर बसले तरी नजर समोरच्या खांद्यांकडे जायची. नवरा म्हणायचा, "नोकरी आहे, सोड. तुझ्यावाचून जग अडलंय का?" त्यालाही काही सांगितलं नाही. काय सांगणार होते?

गुरुवारी, ऑफिसातले सगळे डबे घेऊन खाली गेले असताना, मी सत्तावीस लिहिलं.

काय दिसेल ते मला ठाऊक आहे असं मी धरून चालले होते. दुसरा हात. बारीक, शिरा वर आलेला, बाईचा. पुढच्या वाढदिवसाच्या आत मावशी जाणार, हे मला आधीच कळणार, आणि मग मी त्यांच्याशी काय बोलायचं? यंत्र चित्र तयार करत होतं तेवढा वेळ मी डोळे मिटून घेतले होते.

डोळे उघडले तर चित्रात कुणीच नव्हतं.

हात नाही, मुलगा नाही. राखाडी पडदा तेवढा. तोही सपाट नव्हता. मधोमध किंचित सरकलेला, आत्ताच कुणी बाजूला होऊन निघून गेल्यासारखा. मी पुन्हा बटण दाबलं. चारदा दाबलं. चारही वेळा तोच रिकामा पडदा... दर खेपेला थोडा जास्त सरकलेला.

मग सव्वीसचं चित्र परत मागवलं. पडदा. पंधराचं. पडदा. सातचंही.

मी मावशींना फोन लावला. नंबर दोनदा चुकला. घंटा खूप वेळ वाजत राहिली. त्या घरी एकट्या असतात, गुडघे धरून उठेपर्यंत वेळ लागतो, अशी मी मनाची समजूत घालत होते.

"हं, बोल गं."

आवाज त्यांचाच होता, पण तसा मी कधी ऐकला नव्हता. हलका, तरुण. पळत येऊन फोन उचलावा तसा.

"मावशी... तुम्ही बऱ्या आहात ना?"

"मला काय धाड भरलीय? आत्ता नको पण. जेवायला बसलोय."

"बसलोय... कोण आलंय तुमच्याकडे?"

"कोण यायचंय? आम्ही तिघंच."

पलीकडे भांडं सरकल्याचा आवाज आला. एक खुर्ची करकरली. मग कुणीतरी अगदी फोनजवळ येऊन विचारलं, "आई, कोण आहे?"

तो सव्वीस वर्षांच्या माणसाचा आवाज नव्हता. पुढचे दात पडलेलं लहान मूल बोलतं ना, फटीतून हवा सोडत, तसा होता.