धरलेली खुर्ची

साखर कारखान्याच्या यार्डातली उसाच्या ट्रॅक्टरांची रांग गेटबाहेर पार रस्त्यापर्यंत गेली होती. वजनाचा काटा बंद पडला होता आणि तो कधी सुरू होणार हे कुणी धड सांगत नव्हतं. अकलूजची पोरं ट्रॉलीच्या आडोशाला पाचट पेटवून बसली होती. येत्या रविवारी सोलापूरला जाऊन कुठलं नाटक बघायचं यावरून युवराज आणि पृथ्वीराजची चांगलीच जुंपली होती. एकाला पोट धरून हसायचं होतं, दुसऱ्याला टीव्हीवरची नटी समोरासमोर बघायची होती. म्हातारे कोंडीबा तात्या त्यांच्यातच कानटोपीत तोंड खुपसून बसले होते.

"भांडा, भांडा," ते म्हणाले. "असंच भांडत आपला महेश्वर गेला हुता सोलापूरला. स्पेअर पार्टचा दुकानवाला. त्यानं सोताच्या तोंडानं मला सांगितलंय म्हणून सांगतो. न्हायतर असल्या गोष्टी मी रातीच्या काढत न्हाय."

पोरं सरकून जवळ बसली. तात्यांनी शेकोटीत काडी सारली आणि सुरुवात केली.

ही औंदाच्या पौषातली गोष्ट. अमावास्या रविवारी होती, आणि ही तिच्या आदल्या दिवसाची, शनिवारची रात्र. गाळपाचा हंगाम म्हणजे महेश्वरला मान वर करायला सवड नसते. रोज कुणाच्या तरी ट्रॉलीचं बेअरिंग जातं आणि सगळे त्याच्या दुकानावर येऊन बोंब मारतात. दुकानातली बेअरिंग संपली म्हणून तो स्वतःच सोलापूरला निघाला, तर बायको रेश्मा आडवी आली.

"दर खेपंला एकलेच जाता. आमाला एक नाटक तरी दावा की कदी!"

कॉलेजात जाणारी लेक संस्कृती आधीच गाडीत जाऊन बसली होती. आता बायको, लेक आणि शहर, तिघांनाही एका दिवसात खूश ठेवणं देवालाही जमलेलं नाही, तिथे महेश्वर काय चीज. पण निघाला बिचारा.

बेअरिंगचं काम दुपारीच उरकलं. खरी साडेसाती पुढे सुरू झाली. रेश्माला विनोदी नाटक बघायचं होतं. मोठ्या नाट्यगृहाशी गेले, तर दारातच हाउसफुल्लची पाटी. मग तिच्या बहिणीनं सांगितलेलं दुसरं नाटक आठवलं, "लई रडवतंय म्हणं." तिथे गेले तर नटीचा घसा बसल्यामुळे प्रयोग रद्द, असा कागद चिकटवलेला. ते न बघताच रेश्माला रडू यायची वेळ आली. मग संस्कृती म्हणाली, शुक्रवार पेठेत एका हॉलमध्ये एकांकिका आहेत, माझी मैत्रीण आहे त्यात. त्या बोळांमध्ये गाडी लावायला जागा शोधता शोधता महेश्वरच्या तोंडाला फेस आला. हॉलमध्ये पोचले तेव्हा एकांकिका संपून बक्षीस समारंभ चालला होता आणि एक पुढारी नाट्यकलेवर बोलत होते. संपायचं नाव नाही.

"तुझ्यापायी झालं हे," रेश्मा लेकीला म्हणाली.

"माझ्यापायी? सकाळी ऑनलाइन तिकीट काढू म्हणले तर पप्पा म्हणले, तितं गेल्यावर बघू!"

"बास!" महेश्वर ओरडला. "एक शब्द बोलू नका. घरी चला."

तेवढ्यात समोरून भोंगा लावलेली रिक्षा आली. भोंग्यातून कानडी चाललं होतं, मध्येच मोडकं मराठी. विजापूर नाक्याच्या पुढे मोकळ्या मैदानात कानडी नाटक कंपनीनं पत्र्याचं थेटर उभं केलं होतं. आज रात्री खेळ, बायकामुलांसह या, असं भोंगा ओरडत होता.

संस्कृती हळूच म्हणाली, "पप्पा, आज्जी म्हणायची ती हीच का हो कंपनी?"

महेश्वर रिक्षाच्या मागे बघत राहिला. त्याची आई कमलम्मा, माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, पक्कं कानडी. लग्न होऊन अकलूजला आली, मराठी झकास शिकली, पण हिशेब करायची कानडीत आणि शिव्याही कानडीतच द्यायची. पोरपणी तिनं कंपनीची नाटकं पाहिली होती. दर थंडीत कंपनी सोलापूरला आल्याची बातमी कुठून तरी तिच्या कानावर यायचीच. मग ती दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहायची. "महेशा, कंपनी आलीया म्हणं. न्हेतोस का?" आणि गिऱ्हाइकाच्या गराड्यातून तो वर न बघता म्हणायचा, "सीझन संपू दे, आई." सीझन संपायचा उन्हाळ्याच्या तोंडावर. तोवर कंपनीनं पत्रे उतरवून मुक्काम हलवलेला असायचा. असं किती वर्षं चाललं कुणास ठाऊक. गेल्या श्रावणात म्हातारी गेली.

"कानडी?" रेश्मा म्हणाली. "त्यातलं आपल्याला काय डोंबल कळणार?"

"न कळू दे," महेश्वर म्हणाला. "बसायला तर मिळंल."

थेटरात खुर्च्यांना नंबर नव्हते. लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्या, खाली पाणी शिंपडलेली माती. जो आधी येईल त्याची जागा. महेश्वरनं एस.टी.त धरतात तशी जागा धरली. माणसं तीन, पण खुर्च्या चार धरल्या. बेअरिंगची पिशवी जड होती, ती मांडीवर घेऊन कोण बसणार? शेवटच्या खुर्चीवर पिशवी ठेवली, तिच्या उजवीकडे स्वतः बसला, त्याच्यापलीकडे रेश्मा आणि मग संस्कृती.

थेटर भरत गेलं. शाल पांघरलेले एक चाचा आले. "क्या भाई, यां कोई बैठे हैं क्या?"

"माणूस हाय," महेश्वर म्हणाला. चाचा पुढे गेले.

मग एक जोडपं आलं. "येणार हाय माणूस." तेही गेलं.

मग एक ठसठशीत बाई आली. कपाळभर कुंकू, हातात शेंगदाण्याचा पुडा. ती काही अशी जाणारी नव्हती. "कोण येणार हाय? कवाधरनं बघतीया, खुर्ची रिकामीच हाय की! पिशवीला तिकीट काढलंय व्हय?"

दोन-चार जण हसले. दिवसभराचा सगळा वैताग महेश्वरच्या टाळूला गेला.

"आई येणार हाय माझी!" तो ओरडला. "म्हातारी हाय. सावकाश येतीया. काय म्हणणं हाय?"

बाई वरमली. "मग आदी सांगायचं न्हाय व्हय," म्हणत निघून गेली.

रेश्मा त्याच्याकडे बघतच राहिली. संस्कृती म्हणाली, "पप्पा… असं कशाला बोललात?"

"गप बस."

तिसरी घंटा झाली. दिवे गेले.

नाटक सुरू झालं. पेटी, तबला आणि भराभर कानडी. सगळं थेटर हसत होतं आणि हे तिघं एकमेकांची तोंडं बघत होते. "काय म्हणतोय त्यो?" रेश्मानं विचारलं. "मला काय म्हाईत!" महेश्वर खेकसला. लहानपणी कानावर पडलेल्या कानडीतले चार शब्दसुद्धा आता त्याला लागत नव्हते. दिवस वाया, डिझेल वाया, वर ही डोकेदुखी.

मग डाव्या कानाशी कुणीतरी हळू आवाजात बोललं. बाईचा आवाज. मराठी.

"त्यो म्हणतोय, बहिणीला आणाय गेलो आनि बैल हारवून आलो."

महेश्वरला वाटलं, कुणी म्हातारी अंधारात येऊन बसली. त्यानं पाय हलवला, तर पिशवी खाली त्याच्या पायाशी होती. न विचारता पिशवी खाली ठेवली म्हणून त्याला रागच आला. पण कळत होतं ना नाटक! तो गप्प राहिला.

"ती म्हणती, बैल हारवला तर हारवला, तू कशाला परत आलास?"

महेश्वर खो खो हसला. सकाळपासून पहिल्यांदा. आवाज सांगत गेला, तो ऐकत गेला. सासू काय म्हणाली, दारुडा भाऊ काय म्हणाला, सगळं. रेश्माही हसत होती, संस्कृतीही. दिवसभराचा शीण उतरला. शेजारी वळून म्हातारीला दोन शब्द बरे बोलावेत असं त्याला वाटलं, पण नजर स्टेजवरून हलत नव्हती.

मग एक प्रवेश आला. स्टेजवर एकटी बाई. म्हातारी झालेली. दारात बसलेली, लेकाची वाट बघत. पेटी थांबली. तबला थांबला. ती नटी काही बोलतच नव्हती. नुसती बघत होती.

सगळं थेटर चिडीचूप.

"ती म्हणती…" डाव्या कानाशी आवाज आला.

महेश्वरनं नटीच्या तोंडाकडे पाहिलं. ओठ मिटलेले होते.

"ती म्हणती…"

ओठ मिटलेलेच.

"…सीझन संपला का रं, महेशा?"

मान वळवायची होती. वळेना. डावीकडे खुर्ची कुरकुरली. कुणीतरी सावरून बसलं होतं. त्याच्याकडे वळून.

"संपला का…?"

तो उठला. पिशवी उचलली. बायकोचं मनगट धरलं, तिनं लेकीचं. लोकांच्या पायांवर पाय देत, शिव्या खात, तिघं बाहेर आले. डावीकडे त्यानं पाहिलं नाही. एकदाही नाही.

बाहेर आल्यावर रेश्मा भडकली. "दिवसभर हिंडवलं, आनि आता कुटं रंगात आलं तर उठवलं! डोकं ठिकाणावर हाय का?"

"ती म्हातारी…" महेश्वरला धाप लागली होती. "माझ्या शेजारी बसलेली… मराठीत सांगत हुती ती…"

"कोण म्हातारी?" रेश्मा म्हणाली. "तुमीच तर सांगत हुता सगळं. आमाला ऐकू येत हुतं की."

"मी तोंड उघडलं न्हाय, रेश्मा."

संस्कृती आईला बिलगली. ती म्हणाली, "आम्हाला वाटलं, पप्पा… तुम्ही मुद्दाम आज्जीचा आवाज काढताय."

टेंभुर्णी येईपर्यंत मागच्या सीटवर संस्कृती दाराला चिकटून बसली होती.

त्या रात्रीनंतर महेश्वरचं कशात लक्ष लागेना. जेवण जाईना. कुणी ट्रॅक्टरवाला सहज म्हणाला, "औंदा सीझन कवा संपतोय?" की त्याच्या हातातला पाना खाली पडायचा. शेवटी एका संध्याकाळी तो तात्यांकडे आला आणि लहान पोरासारखा रडला. "तात्या, भीती वाटत न्हाय आता. लाज वाटती. जितेपनी एकदा न्हेलं न्हाय. आनि मेल्यावर बोलावली, तर अर्ध्या खेळातनं टाकून पळालो."

तात्या म्हणाले, "जागा तू धरलीस. मोकळी तूच कर."

दुसऱ्या दिवशी तो भल्या पहाटे निघाला. मैदानावर पोचला तेव्हा नुकतं उजाडत होतं. कंपनी गेलेली. पत्रे नाहीत, स्टेज नाही, काही नाही. खांबांचे खड्डे आणि उघडं माळरान.

आणि मधोमध एक लाल खुर्ची.

कडेला चहाचा गाडा लावणारी अक्कम्मा बंब पेटवत होती. "ती व्हय?" ती म्हणाली. "कंपनीवाल्यांनी लई वढली. मातीतनं निघंना की. मालक म्हनला, ऱ्हाऊ दे."

महेश्वर चालत गेला. खुर्चीचे पाय मातीत रुतले होते. बसणाऱ्याच्या वजनानं रुततात तसे. तोंड होतं स्टेजच्या जागेकडे. तिथे आता काही नव्हतं.

त्याला खूप बोलायचं होतं.

"आई…" तो म्हणाला.

वारा नव्हता. अक्कम्माचा बंबसुद्धा ऐकू येत नव्हता.

"झाला गं खेळ… चल."

आणि त्यानं खुर्चीला हात घातला. एका हातानं उचलली. कागदासारखी हलकी.

खुर्ची त्यानं गाडीत घालून आणली. रेश्मानं घरात येऊ दिली नाही. मग त्यानं ती दुकानात ठेवली, गल्ल्याजवळ, येणाऱ्या-जाणाऱ्याला बसायला. म्हाताऱ्या माणसाला कोपऱ्यात एकटं ठेवू नये, म्हणाला.

तात्या थांबले. शेकोटी विझत आली होती. पृथ्वीराजनं हसून पाहिलं.

"मनाला लागलं की माणसाला काय बी ऐकू येतं, तात्या," तो म्हणाला. "आनि खुर्ची काय, खुर्चीच ती."

तात्या युवराजकडे वळले. "तू काल गेला हुतास न्हवं त्याच्या दुकानात? ट्रॉलीची पिन आणाय?"

"व्हय."

"बसला हुतास?"

युवराजनं घोंगडी ओढून घेतली.

"सकाळी लवकर गेलतो," तो म्हणाला. "दुकान उघडलं बी नव्हतं. कुलूप त्यानं माझ्यासमोर काढलं. शटर मीच वर ढकलू लागलो त्याला. आत अंधार हुता… मी सगळ्यात आदी आत गेलो आनि त्या खुर्चीवर टेकलो."

"मग?"

"थंडी तर तुमाला म्हाईतच हाय, तात्या… पर खुर्ची गरम हुती. मला वाटलं, आत्ताच कोन तरी उठून गेलंय…"