आवाज येणारा सिग्नल

मला नकाशात सिग्नल भरायचा नाद आहे. इंटरनेटवर लोकांनी मिळून केलेला नकाशा असतो ना, त्यात. पायी रस्ता कुठे ओलांडायचा, तिथे दिवा आहे का, बटण आहे का, हिरवा झाला की टकटक आवाज येतो का... हे जाऊन बघायचं आणि टाकायचं. चाळिशी उलटलेली बाई कोपऱ्याकोपऱ्यावर बटणं दाबत फिरते. नवरा म्हणतो, बिनपगारी सरकारी नोकरी.

तो आवाज ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी असतो. त्यांचे फोन आमचा नकाशा वाचून दाखवतात. माझ्या ताईलाही दिसायचं नाही. डोळे मी, कान ती, अशी आमची जोडी. मागच्या हिवाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि ती गेली.

परवा एका संगीतशिक्षकांचा निरोप आला. त्यांनाही दिसत नाही. दवाखान्यासमोरचा सिग्नल काढलाय म्हणतात, पण मला आवाज येतो. तुम्ही बघून सांगा, मी तुमच्या नकाशावर चालतो, असं म्हणाले.

ताईने आणि मी मिळून टाकलेला तो शेवटचा सिग्नल. पण आम्हा नकाशा भरणाऱ्यांत नियम आहे, स्वतः गेल्याशिवाय काही घालायचं नाही, पुसायचंही नाही. गेले.

दुपार होती, पण धुकं इतकं की घड्याळावर विश्वास ठेवावा लागत होता. ओल्या डांबराचा वास. खांब नव्हता. फुटपाथवर नुसता सिमेंटने बुजवलेला गोल. कोपऱ्यावरच्या चावीवाल्याला विचारलं. कधीच उपटून नेला, म्हणाला. मग कानस खाली ठेवून हळूच बोलला, "पण बाई, गाड्या थांबतात... का, ते मला विचारू नका."

मी कडेला उभी राहिले आणि बावळटासारखी, सवयीने पुटपुटले, "ताई, आवाज आहे का गं?"

टक... टक... टक...

पायाखालून. सिमेंटच्या खालून. धुक्यातले गाड्यांचे दिवे एकेक करत थांबले. मला रडूच आलं. वाटलं, राहू दे की नकाशात, कुणाचं काय जातंय...

तेवढ्यात ती टकटक चालू असतानाच एक ट्रक न थांबता गेला. इतक्या जवळून, की माझा स्कार्फ उडाला. माझ्या जागी ते शिक्षक असते तर?

फोन काढला. "रागावू नकोस गं," म्हटलं, आणि सिग्नल पुसला. शिक्षकांना कळवलं, तिथून ओलांडू नका.

आवाज थांबला. आणि कुणीतरी माझं कोपर धरलं.

ज्याला दिसत नाही ते माणूस आपला हात धरत नाही, कोपर धरतं. आपण पुढे, ते अर्धं पाऊल मागे. बोटं गार होती. मी मागे वळून पाहिलं नाही. गाड्या बघून "चल" म्हटलं, पलीकडे नेलं, कड आल्यावर "पायरी" असंही सांगितलं. पकड सुटली नाही. घरापर्यंत आली. जिन्यात मी वळणं सांगत सांगत चढले. नवऱ्याने दार उघडलं, कुणाशी बोलतेयस म्हणाला. ताईशी, म्हटलं. त्या बिचाऱ्याने दार आणखी थोडं उघडून धरलं.

त्याला पुढचं कसं सांगू... ताई कायम माझं डावं कोपर धरायची. हे उजवं आहे.