दोन स्पीकरांच्या मधोमध

निवृत्तीनंतर कोणी गावाकडची शेती बघतं, कोणी सकाळी उठून फिरायला जातं. कारभारी पगारे ॲम्प्लिफायर बनवू लागले. नाशिकरोडला, जेल रोडवरच्या कॉलनीत, दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत कपडे वाळत घालायच्या तारेखाली त्यांचं टेबल होतं. आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केलेली, त्यामुळे आयसीची चिप विकत घेण्याआधी तिची माहिती छापून आणायची, हातात पेन्सिल घेऊन वाचायची आणि मगच शालिमारजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात जायचं, अशी त्यांची पद्धत. तिथेही काउंटरवरचा माणूस "बोला काका" म्हणाला की ते मागे सरत आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला पुढे जाऊ देत.

त्यांनी जोडलेल्या यंत्रावर घराबाहेरच्या कोणी कधी काही ऐकलं नव्हतं. कोणी ऐकेल, हीच तर भीती होती.

या वेळचा ॲम्प्लिफायर मात्र विमलाबाईंसाठी होता.

विमलाबाई म्हणजे त्यांची पत्नी. कॉलनीतल्या विहारात बायकांचं गाण्याचं पथक त्यांनीच उभं केलं होतं. बुद्धपौर्णिमेच्या संध्याकाळी पहिलं गाणं दरवर्षी त्यांचं, त्यांनी स्वतः रचलेलं: ‘दिवा माझा मीच गं, वात माझी मीच.’ त्यांनी पहिला सूर लावला की विहाराबाहेरचा भेळवालासुद्धा हातातली पळी खाली ठेवायचा. गेल्या थंडीत त्यांच्या मानेतली गाठ काढावी लागली. गाठ आवाजाच्या नसेला चिकटलेली होती आणि काय होऊ शकतं ते डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. जीव वाचला, आवाज गेला. उरली ती फक्त कुजबूज, तीही जवळ कान नेला तर कळणारी. तेव्हापासून त्यांनी विहाराची पायरी चढली नव्हती.

"गायचं नाही, तर तिथं नुसती बसू कशाला?" त्यांनी एकदाच सांगितलं, आणि तो विषय घरात बंद झाला.

कारभारींनी तो मनात बंद केला नाही. आयसी म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढी काळी वडी, पंधरा पाय. तिच्यात एका बाजूने कुजबूज सोडली की दुसऱ्या बाजूने अंगणभर आवाज यायला हवा. तोही दोन वाटांनी, डाव्या आणि उजव्या, कारण आयसी स्टिरिओ होती. त्यांनी ती ॲल्युमिनियमच्या जाड पत्र्यावर बसवली, दोन स्पीकर जोडले, स्कूटरच्या बॅटरीवर चालवून पाहिली आणि एका दुपारी भीत भीत माइक विमलाबाईंच्या हातात दिला.

विमलाबाई गायल्या. स्पीकरमधून नुसती धाप आली. मोठी, खरखरीत, उघडी पडलेली धाप.

त्यांनी माइक हळूच टेबलावर ठेवला. कारभारींच्या मनात नेहमीसारखं पहिलं तेच आलं: जोडणीत आपलंच काही चुकलं. आणि मग त्यांनी यंत्र दुरुस्त करणारा कुणीही करतो तेच केलं. माइक काढला आणि उघड्या तारेवर बोट टेकवलं. माणसाचं अंग भोवतालच्या विजेची गुणगुण झेलतं आणि ती स्पीकरमधून ऐकू येते. आली, तर यंत्र ठीक. स्पीकर घुंऽऽ करून घुमले.

"यंत्रात काही चूक नाही," कारभारी सुटकेनं म्हणाले, आणि शब्द तोंडातून गेल्यावर त्यांना कळलं की आपण काय बोललो.

"म्हणजे चूक माझ्यात," विमलाबाई कुजबुजल्या, आणि रागानं त्यांनी आपलं बोट त्या तारेवर दाबलं.

घुंऽऽ आलं नाही.

एक सूर आला. बाईचा, भरलेला, थोडा नाकातला, शेवटी किंचित वर उचललेला. तीस-पस्तीस वर्षं कारभारींनी स्वयंपाकघरातून ऐकलेला. विमलाबाईंचं तोंड घट्ट मिटलेलं होतं. त्यांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला आणि सूर थांबला.

खाली गल्लीत भाजीवाली मेथीचा भाव सांगत होती. दोघंही तेच ऐकत उभे राहिले.

त्यानंतर कारभारी पुस्तकांत शिरले. आकाशवाणीचं केंद्र तारेत शिरतं कधीकधी, असं त्यांनी वाचलं होतं. म्हणून रेडिओलहरी अडवणारी गाळणी बसवली. आयसी आपणहून गुणगुणू लागते, असंही वाचलं होतं. म्हणून ती बदलली, नवी आणली. सूर आलाच. त्यांच्या बोटाला घुंऽऽ आणि विमलाबाईंच्या बोटाला गाणं. हळूहळू सुरात शब्दही आले, आधी पुसट, मग स्पष्ट. विमलाबाई ओळ मनात म्हणायच्या आणि स्पीकर ती गायचा.

"घरातल्या वायरिंगचा काहीतरी प्रकार असणार," कारभारी म्हणाले. आपण म्हणतोय त्यावर त्यांचा स्वतःचाही विश्वास नव्हता.

म्हणून एका सकाळी त्यांनी रिक्षा केली आणि बॅटरी, यंत्र, स्पीकर घेऊन दोघं गंगापूर धरणाच्या काठी गेले. विजेचे खांब दिसेनासे होईपर्यंत ते आत चालत राहिले. पाणी ओसरून खूप दूर गेलं होतं आणि भेगाळलेल्या गाळात बगळे उभे होते. कारभारींनी तारेवर बोट ठेवलं. काहीच नाही. वीजच नव्हती, तर अंग काय झेलणार? हिशेब बरोबर होता, म्हणून त्यांना बरं वाटलं.

मग विमलाबाईंनी बोट ठेवलं. ‘दिवा माझा मीच गं’ अख्खं कडवं पाण्यावरून पलीकडे गेलं. बगळे उडाले.

विमलाबाई हसल्या. हिवाळ्यानंतर पहिल्यांदा. मग हसू थोडं मागे घेत त्यांनी कारभारींचा कान जवळ ओढला.

"अहो, मी मनात अजून सुरू केलं नव्हतं. आधी तिनं सुरू केलं."

"कोणी?"

विमलाबाईंनी स्पीकरकडे पाहिलं आणि पदराने बोट पुसलं. "पौर्णिमेला मी गाणार," त्या म्हणाल्या.

कारभारींनी मनात विहाराचं अंगण पाहिलं. शंभर माणसं, समोर आपलं यंत्र. "आणि आवाज आला नाही तर?"

"लग्नापासून हेच विचारत आलात तुम्ही," विमलाबाई कुजबुजल्या. "प्रत्येक गोष्टीत."

पौर्णिमेच्या संध्याकाळी विहाराच्या अंगणात सतरंज्या पडल्या होत्या आणि खिरीचं पातेलं झाकून ठेवलेलं होतं. कमिटीचा सेक्रेटरी शेखर, कुणालाही चिडवायची संधी न सोडणारा, कारभारींना स्पीकर लावताना पाहून जवळ आला.

"जय भीम, काका. यंत्र बोलेल ना? का तुमच्यासारखं कोपऱ्यात गप्प बसेल?"

कारभारी हसले आणि अगदी कोपऱ्यातच जाऊन बसले. जाण्याआधी मात्र त्यांनी दोन्ही स्पीकरांमधलं अंतर पुन्हा पायाने मोजलं. दोन्हीकडून सारखाच आवाज आला की कान फसतात आणि आवाज मधल्या मोकळ्या जागेतून येतोय असं वाटतं. तिथं कोणी उभं असल्यासारखं. स्टिरिओची गंमतच ती. विमलाबाईंसाठी त्यांनी लाकडी फळीवर यंत्राच्या तारांना जोडलेल्या तांब्याच्या दोन पट्ट्या बसवल्या होत्या, एक डाव्या हाताला, एक उजव्या. फळी मांडीवर, वर शालीचं टोक. समोर स्टँडवर दाखवायला माइक होता, पण त्याची तार कुठेच जोडलेली नव्हती. त्या स्वतः बसल्या होत्या बाजूला, बाजाच्या पेटीजवळ, नेहमीच्या जागी.

त्यांच्या शेजारी अंजली होती. शाळेत शिकवणारी, विमलाबाईंच्याच हाताखाली तयार झालेली. या वर्षी पहिलं गाणं तिच्याकडे जाणार होतं.

"मावशी, खरंच गाणार? अडलं तर डोळ्यानं खुणवा, मी उचलते."

विमलाबाईंनी मान डोलावली. पुढच्या रांगेत, बरोबर मधोमध, बयाबाई खुर्चीवर होत्या. चांदवडकडच्या, लेकाकडे राहायला आलेल्या, दृष्टी पार गेलेल्या.

"इमलाबाई गाती का आज?" त्यांनी मोठ्याने विचारलं. "मंग मी नाय उठत. खीर इथंच द्या."

लोक हसले. शेखरने नाव पुकारलं. पेटीवर सूर धरला गेला, ढोलकीने ठेका दिला. विमलाबाईंनी दोन्ही हात शालीखाली नेले.

काही नाही.

ठेका पुन्हा फिरला. काही नाही. मागे कोणीतरी खाकरलं, एका बाईनं दुसरीच्या कानात काही सांगितलं. अंजलीने श्वास घेतला, गाणं उचलायला.

कारभारींनी लांबून यंत्रावरचा लाल दिवा पाहिला. लागलेला होता. म्हणजे बॅटरी ठीक. तार ठीक. आपलंच चुकलं, दुसरं काय, असं मनात सुरू झालंच होतं. तेवढ्यात त्यांना शालीबाहेर आलेला विमलाबाईंचा अंगठा दिसला. पांढरा, सुकलेला. मे महिन्याची कोरडी हवा, आणि त्यात पुन्हा पुन्हा पदराला पुसून हात कोरडे पडलेले. कोरडं बोट तांब्याला नीट भिडत नाही. हे त्यांना माहीत होतं. इथं फक्त त्यांनाच माहीत होतं.

जाऊन करायचं म्हणजे सगळ्यांसमोरून जायचं.

ते उठले. सतरंजीवरच्या पायांमधून, "सरका जरा, सरका" म्हणत, कधी नव्हे एवढ्या मोठ्याने म्हणत, पुढे गेले. बयाबाईंच्या खुर्चीशी ठेवलेला पाण्याचा पेला उचलला. विमलाबाईंसमोर गुडघे टेकले आणि भरल्या अंगणात बायकोचा एकेक हात हातात घेऊन तिची बोटं भिजवली.

"काका, हे काय नवीन?" शेखर म्हणाला.

"थांब," कारभारी म्हणाले. शेखर थांबला.

विमलाबाईंनी बोटं पट्ट्यांवर टेकवली.

सूर उठला.

तो डावीकडून आला नाही, उजवीकडूनही आला नाही. मधल्या मोकळ्या जागेत उभा राहिला आणि तिथून अंगणावर पसरला. ‘दिवा माझा मीच गं.’ पूर्वीपेक्षा मोठा, पूर्वीपेक्षा तरुण. ढोलकीवाला एक मात्रा चुकला, मग असा लागला की त्याचा हात दिसेना. गच्च्यांवर माणसं आली. रस्त्यावर मोटारसायकली थांबल्या.

अंजलीने विमलाबाईंच्या मिटलेल्या ओठांकडे पाहिलं. तिचा रंग उतरला. पण कोरसची जागा आली, तेव्हा ती गायली. रडत गायली.

शेवटचं कडवं आलं. पथकातल्या सगळ्या बायका उभ्या राहिल्या. मग अंगण उभं राहिलं.

कारभारी अजून गुडघ्यांवरच होते, सगळ्यांच्या समोर. त्यांना लाज वाटत नव्हती. ते चक्क तोंड उघडून गात होते.

विमलाबाईंनी हात उचलले. सूर थांबला. आणि मग टाळ्या, शिट्ट्या, ‘जय भीम’च्या घोषणा. शेखरने कारभारींना खांद्याला धरून उठवलं आणि मिठी मारली.

"काका, पुढच्या वर्षीपण तुमचंच यंत्र. मी लिहून देतो."

बायकांनी विमलाबाईंना वेढलं. त्या वाट काढत बयाबाईंच्या पाया पडायला आल्या. बयाबाईंनी त्यांचा हात चाचपला, ओली बोटं ओळखली आणि थबकल्या.

"लय ग्वाड गायलीस गं. पन तू आत्ता इकडून कशी आलीस?" त्यांनी मोकळ्या जागेकडे तोंड केलं. "तू तर हितं उभी व्हतीस. तुझ्या लुगड्याचा वारा लागत व्हता मला."

"स्टिरिओमुळे वाटतं तसं, आजी," कारभारी म्हणाले. वारा कसा लागतो, ते त्यांनी कुठे वाचलं नव्हतं.

खीर झाली, निरोप झाले. यंत्र, स्पीकर, बॅटरी शेखरच्या पोरांनी उद्या पोचवतो म्हणून ठेवून घेतली. दोघं पायी घराकडे निघाले. कॉलनीतल्या खिडक्यांत दिवे होते आणि ओळखीचे लोक वरून "विमलाताई, कमाल केली" असं ओरडत होते. विमलाबाई हात जोडत होत्या, ताठ मानेने चालत होत्या. कारभारींना स्वतःचं पाऊल हलकं वाटत होतं. उद्या शालिमारला जायचं आणि काउंटरवर पुढे होऊन मागायचं, असं त्यांनी ठरवलं.

वळणावर गर्दी संपली, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण रस्त्याच्या डाव्या कडेने चालतो आहोत आणि विमलाबाई उजव्या कडेने. मधे माणूसभर जागा होती. ते थोडे त्यांच्याकडे सरकले. विमलाबाई तेवढ्याच पलीकडे सरकल्या.

त्यांनी पुन्हा सरकून पाहिलं नाही.

जिना चढताना विमलाबाई भिंतीला लागून चढल्या. दाराशी त्यांनी कमरेची किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि दार आत लोटलं. कारभारी पुढे होणार, तेवढ्यात त्यांनी हात आडवा धरला.

त्या उंबऱ्यावरून बाजूला झाल्या. एक बाई पदर सावरून आत जाईल, एवढा वेळ थांबल्या.

मग त्यांनी कारभारींना आत घेतलं आणि दाराला कडी लावली.