पोखर्णीची मोटार कोणी चालू केली?

परभणीच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात दुपारी फोन आला. पोखर्णीला चंद्रभान या शेतकऱ्याच्या विहिरीवरची मोटार आपोआप चालू झाली होती. तो तिच्या पंख्यात अडकलेला कचरा काढत होता. दोन बोटं गेली.

त्याच वेळी पाथरीत आणि पालमलाही मोटारी सुरू झाल्या होत्या.

तिन्ही ठिकाणी याच कारखान्याचे मोबाइल स्टार्टर होते. घरून फोनवर बटण दाबलं की शेतातली मोटार चालू. मालक माणिकराव ते आता युरोपात पाठवणार होते. तिथल्या सायबर सुरक्षेच्या नव्या नियमांची तयारी करून घ्यायला त्यांनी त्यातली जाणकार संघप्रिया हिला बोलावलं होतं. स्टार्टरची तपासणी आजच सुरू व्हायची होती.

स्टार्टरचा प्रोग्राम लिहिणारा महारुद्र म्हणाला, गेलेली लाईट परत आली की ऑटोवर ठेवलेली मोटार आपोआप सुरू होतेच. सर्व्हिस बघणाऱ्या निकिताला वाटलं, घरच्या कोणाचं तरी बोट फोनवर पडलं असेल.

संघप्रिया चंद्रभानला भेटायला दवाखान्यात गेली.

"लाईट गेली होती का?"

"न्हाई ताई. शेजारची मोटार सकाळपासून चालूच हाय."

"आणि तुमचा फोन?"

"खिशात. बंद पडलेला."

तिथून तिनं पोखर्णी गाठली, स्टार्टर उघडून तपासला. आतल्या प्रोग्राममध्ये बाहेरून गुपचूप शिरायची एकही चोरवाट सापडली नाही.

परत येऊन तिनं गोदामातला सीलबंद स्टार्टर मागवला. नवा कशाला, वापरातलाच बघा, असं महारुद्रनं सुचवलं. तिनं सील फोडलं. आतला प्रोग्राम तपासला.

"याच्यात चोरवाट आहे," ती माणिकरावांना म्हणाली. "पासवर्ड नसला तरी बाहेरून कोणतीही मोटार चालू करता येते. पोखर्णीच्या स्टार्टरमधून ती आज पुसली गेली. कोणीतरी इथूनच शेतांतल्या स्टार्टरवर घाईनं नवा प्रोग्राम पाठवला. ते बंद होऊन पुन्हा सुरू झाले आणि त्यांना वाटलं, लाईट आली. घाईत राहिलेल्या चुकीनं हातानं बंद केलेली मोटारही चालू झाली. खोक्यातल्या स्टार्टरपर्यंत मात्र तो प्रोग्राम पोचला नाही." ती वळली. "प्रोग्राम पाठवायचा पासवर्ड कोणाकडे असतो, महारुद्र?"

"माझ्याकडंच." तो खाली बसला. "चाचणीसाठी ठेवली होती ती वाट. तुम्हाला सापडली असती तर नोकरी गेली असती. कोणाला लागंल असं वाटलं नाही."

माणिकरावांनी हळूच विचारलं, हे बाहेर सांगावंच लागेल का?

"लागेल. आणि तो प्रोग्राम अजून शेतांतल्या स्टार्टरमध्ये आहे. पुन्हा असं होऊ शकतं."

माणिकरावांनी निकिताला पोलिसांना कळवायला सांगितलं. मग स्वतः फोन उचलून पहिल्या शेतकऱ्याचा नंबर लावला.

"मी माणिकराव बोलतोय. आधी मोटारीचा फ्यूज काढा. चूक आमची आहे."