दात सापडला ती जागा

तिरोड्याच्या बाजारात लोक त्याला हाडवैद्य समजले, म्हणून माझी आणि त्याची गाठ पडली. टेबलावर हाडांचे मोठाले फोटो, मागे एक चष्मेवाला मुलगा, आणि समोर गुडघे धरून रांगेत बसलेली म्हातारी माणसं. त्या रांगेत माझे बाबा, शालीकराम, तिसरे होते. आपण हाडं बसवत नाही, शोधतो, हजारो वर्षांपूर्वीच्या जनावरांची, दगड झालेली... हे तो घामाघूम होऊन प्रत्येकाला सांगत होता. मला हसू आवरेना. त्याने ते पाहिलं आणि तोही हसला. बस्, तिथेच माझं बिघडलं.

त्याचं नाव हेमेंद्र. गोंदियाच्या कडेला मुर्री आहे, तिथला. नागपूरला भूगर्भशास्त्र शिकत होता. एकट्याला सगळा जिल्हा पालथा घालता येत नाही, शेतात आणि तलावात राबणाऱ्यांनाच अशा वस्तू आधी दिसतात, म्हणून तो बाजारोबाजारी फिरत होता. असं काही दिसलं तर उकरू नका, धुऊ नका. शेजारी मापासाठी पेन ठेवून फोटो काढा, जागा लक्षात ठेवा आणि कळवा, एवढंच त्याचं मागणं होतं.

फोटोतला एक दात, जुन्या काळच्या हत्तीचा, मी ओळखला. तळहाताहून मोठा, वर आडव्या रेघा. अगदी तसाच आमच्या घरी मागचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावून ठेवलेला होता. मी तसं सांगितलं.

“कुठे सापडला?” त्याने विचारलं. त्याचा आवाज एकदम बारीक झाला होता.

खरं उत्तर सोपं होतं. उन्हाळ्यात चोरखमाऱ्याचा तलाव आटला की आमच्या गावचे शेतकरी त्याच्या पोटातला गाळ जेसीबीने उकरून ट्रॉलीने आणतात आणि आपापल्या धानाच्या बांधीत, म्हणजे शेतात, पसरतात. यंदा आमची ट्रॉली भरत असताना तो दात मीच तलावात उचलला होता. पण तलाव सरकारी. हा परवानगी काढणार, परस्पर तिथे जाणार, काम उरकून नागपूरला निघणार. आणि आमची बांधी? ती आमच्या घराच्या अगदी मागे आहे.

“आमच्या बांधीत,” मी म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून तो रोज मोटरसायकलवर यायला लागला. बांधीत सुतळीने चौकोन आखायचा, खुरप्याने माती खरवडायचा, ब्रशने झाडायचा. मी ताक न्यायची, लाखोळीच्या डाळीचे वडे न्यायची. तिसऱ्या दिवशी वडे देताना त्याची बोटं माझ्या बोटांना लागली, आणि... दोघांनीही लागली नाहीत असं दाखवलं.

“तुम्ही रोज वडे आणून राहिल्या, दुर्गेश्वरी. माझं काम कधी होईल?”

“मंग नका खाऊ.”

“खाणार तर आहे ना,” तो म्हणाला, आणि चष्मा शर्टाला पुसत माझ्याकडे बघत राहिला.

मी हवेत तरंगायला हवी होते. पण तसं होईना. कारण हा मुलगा दर थोड्या वेळाने जागेचंच बोलायचा. दात कुठल्या थरात होता, बाजूला काय होतं, हे कळलं तरच तो हत्ती केव्हाचा, इथे काय खात होता ते कळतं. जागा हरवली तर दात नुसता दगड. जबडाही जवळपासच असणार, असं तो मोठ्या आशेने सांगायचा. मी मान डोलवायची. रोज संध्याकाळी ठरवायची, उद्या सांगू. तिकडे गाळाच्या ट्रॉल्या चालूच होत्या. गावात ट्रॅक्टरचा आवाज आला की वाटायचं, त्यातच तो जबडा असला तर? दुपारनंतर आभाळ भरायला लागलं होतं. एकदा तलावात पाणी चढलं की सगळंच संपलं.

नवव्या दिवशी तो काहीच खणत नव्हता. धुऱ्यावर, बांधीच्या कडेला बसला होता. त्याच्या सरांचा फोन येऊन गेला होता: असा दात तसल्या मातीत असूच शकत नाही, तू तरी फसला आहेस नाहीतर फसवतो आहेस, सोमवारी तसं लिहून दे आणि विषय सोड.

“मी म्हटलं सरांना, त्या घरचे लोक खोटं नाही बोलत,” तो म्हणाला. हसून म्हणाला, पण खुरपं पिशवीत टाकत.

आता मात्र मला राहवेना.

“मी खोटी बोलली,” मी म्हणाले. “तलावात भेटला होता तो. मीच उचलला.”

तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो उठला आणि एकेक खुंटी उपटून सुतळी गुंडाळायला लागला. तलावाच्या कोणत्या बाजूला, एवढंच त्याने विचारलं. मला नक्की आठवेना. सगळीकडे खड्डेच खड्डे झाले होते. खोटं का बोलले, हे त्याने विचारलं नाही, आणि मी रात्रभर त्याच एका गोष्टीसाठी रडले.

सकाळी बोअरिंगच्या हातपंपावर बायका जमल्या तेव्हा मी तिथे जाऊन सगळं सांगितलं. दात सापडला त्या दिवसांत ज्यांनी गाळ आणला त्यांनी आपापली बांधी बघावी, काही दिसलं तर उचलू नये, आधी मला बोलवावं. तलावावर जायला निघालेला हेमेंद्र गाडी लावून बाजूला उभा होता. बाबाही होते.

“मंग बांधीत भेटला म्हनून काऊन सांगतलं व?” प्रेमिला काकीने विचारलं.

चुकून, असं म्हणता आलं असतं. पण खोट्याचा कंटाळा आला होता मला.

“हे रोज यावं म्हनून,” मी म्हणाले.

पंपाचा दांडा थांबला. बाबा आभाळाकडे बघायला लागले. हेमेंद्रने चष्मा काढला आणि कितीतरी वेळ पुसत बसला. मग काकी हसली, तिच्यामागे सगळ्या हसल्या, आणि ती बातमी गावात अशी पळाली की त्याच्या बाजारातल्या फोटोंना कधी जमलं नसतं. दुपारपर्यंत अर्धं गाव बांध्यांमध्ये वाकलेलं. काही जण नुसते मला बघायला आले होते, त्यांनाही काकीने कामाला लावलं.

हाडाचे तुकडे काकीच्याच बांधीत निघाले. तीन. तिची ट्रॉली ट्रॅक्टरवाल्या चैतरामदादाने भरली होती, आणि त्याला पक्कं आठवत होतं: पळसाच्या बाजूचा खड्डा. आम्ही तिथे धावलो. खड्ड्याच्या भिंतीत, जेसीबीच्या दातांपासून वीतभर लांब, जबड्याची कड बाहेर आली होती.

“हात नको लावू,” हेमेंद्र मला म्हणाला. पहिल्यांदाच ‘तू’. त्याने शेजारी पेन ठेवून फोटो काढला. तीनदा हलला, चौथा नीट आला. सरपंचांनी जेसीबी थांबवला, लोकांनी पोती आणून जागा झाकली, आणि त्याने वहीतली आमची बांधी खोडून खरी जागा लिहिली.

परतताना आम्ही दोघं तलावाच्या पाळीवरून चालत होतो. तो दोन पावलं पुढे. माझा जीव टांगणीला लागला होता.

“राग आहे मला अजून,” शेवटी तो म्हणाला. “आठ दिवस खणलो ना मी.”

“हो.”

“सोमवारी रिपोर्ट देईन. परवानगी मिळाली की हाडं नागपूरला जातील. मग इकडे यायला मला काही कारणच नाही राहत.”

हेच वाक्य कधी ऐकावं लागू नये म्हणून मी एवढं सगळं केलं होतं. 

“मंग?” मी कसंबसं विचारलं.

“मग काय...” तो थांबला. कान लाल झाले होते त्याचे. “बिनाकारण येईन. चालेल?”

“ये,” मी म्हणाले.